सेबास्त्यानाच्या पाठीवरची भोकं

८ जानेवारी २०२५, बुधवार

आमच्या गावच्या चर्चमधलं माझ्या हातचं काम: बाकं चौदा. मोठ्या दाराची डावी फळी. कबुलीच्या खोक्याची जाळी, एकही खिळा नाही. माळ्याचा जिना, सोळा पायऱ्या. सगळं बघून, मोडून, पुन्हा करून शिकलो. कुणाच्या हाताखाली नाही.

म्हणूनच फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, आधी जो 'खजिना शोध' ठेवलाय, त्याचे प्रश्न फादरनी मला काढायला सांगितले. "चर्च तुमच्याइतकं कुणाला पाठ आहे, गुरुदास?" हिंदू सुताराला विचारलं म्हणून दोघातिघांची तोंडं वाकडी झाली. होऊ देत.

१० जानेवारी, शुक्रवार

बारा प्रश्न झाले. प्रत्येकाचं उत्तर म्हणजे एक आकडा. बाराही बरोबर, तरच बक्षीस लपवलेल्या जागेची चिठ्ठी.

सातवा सगळ्यांत अवघड — सेबास्त्यान संताच्या लाकडी मूर्तीच्या पाठीला किड्यांची भोकं किती? दोनशे वर्षांची मूर्ती. एरवी उंचावर, काचेत. फेस्ताच्या नऊ दिवस आधी खाली काढतात तेव्हाच पाठ दिसते. उत्तर अकरा. २०१९ ला पायाला वाळवी लागली म्हणून ती माझ्या शेडमध्ये होती, तेव्हा वहीत चित्र काढून मोजलेली.

१२ जानेवारी, रविवार

सहा गट. सातव्यावर वाद. शर्मिला, एसटीत कंडक्टर आहे, ती पहिली आली.

"नऊ आसत, काका."

"अकरा."

"चष्मो बदला. भरलेल्या गाडीत हलती माणसां मोजतंय मी, ही भोकां तर जाग्यार आसत."

लोक हसले. मी तिला शून्य दिलं. मग दुसरा गट — नऊ. तिसरा — नऊ. सहाच्या सहा. बक्षीस तसंच राहिलं.

सगळे गेल्यावर स्वतः बघितलं. एकेका भोकावर बोट ठेवून मोजलं. नऊ. खालून वर मोजलं. नऊ.

नऊ भोकांची मूर्ती मला माहीत आहे. ती मी केलीय.

१३ जानेवारी, सोमवार

नीट लिहून ठेवतो. २०१९ ला खरी मूर्ती दुरुस्तीला माझ्याकडे असताना इनास आला. फेस्त समितीचा प्रमुख, समुद्राकडेला होमस्टे आहे त्याचं. "एक हुबेहूब करून दी रे होमस्टेक. पर्यटक फोटो काढतीत." चार महिने लागले. फणसाचं लाकूड. उडालेला रंग, तुटकी करंगळी, सगळं उतरवलं. भोकं बारीक ड्रिलनं पाडली — आणि दोन मुद्दाम पाडली नाहीत. नक्कल ही नक्कल म्हणून ओळखता यायला हवी, एवढंच मनात. कुणाला सांगितलं नाही, इनासलाही नाही. तो टेम्पो घेऊन आला आणि दोन्ही मूर्ती एकाच दिवशी घेऊन गेला. पुढे होमस्टेत मूर्ती दिसेना म्हणून विचारलं, तर म्हणाला, वसईच्या लेकीकडे दिली.

आज सकाळी मूर्तीचा तळ जरा खरवडला. आत पिवळा. फणस. खरी सागाची आहे.

पाच वर्षं मिरवणुकीत बघतोय ती, फुलांत बुडालेली. दर वर्षी मनात म्हणायचो, आपली नक्कल हिच्या बरीच जवळ गेली होती!

बायकोला, मथुरेला, सांगितलं. ताट पुढे सरकवत म्हणाली, "गप रवा. हात तुमचो, नाव तुमचाच येतला."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. चर्चमध्ये गावातली म्हातारी फेलूआवय नवस फेडायला आली होती, मुलाचं ऑपरेशन सुखरूप झालं म्हणून. वाकून मूर्तीच्या पायाचं चुंबन घेतलं. त्या पायाला शेवटचा हात कुठल्या पॉलिश पेपरचा दिला होता तेच मला आठवत राहिलं. दोनशेवीस नंबर.

१५ जानेवारी, बुधवार

फादरना सगळं सांगितलं. वही दाखवली. ते इथे येऊन दोनच वर्षं झाली, त्यांचा काही दोष नाही. चित्रातली भोकं बोटानं मोजली. मग म्हणाले, "फेस्ताच्या दिवशी मी स्वतः वेदीवरून सांगेन." आज चार घास नीट गेले.

१६ जानेवारी, गुरुवार

इनासला चर्चच्या पायरीवर गाठलं. "खरी खंय आसा?"

"केल्यान कोणी? तूच मां? मगे माझ्याकडे काय बघतस? जा पोलिसात. पयले तुझ्याच घराकडे येतले."

खरं आहे. माझ्याकडे पावती नाही, कागद नाही. फक्त वही, तीही माझ्याच हातची.

१७ जानेवारी, शुक्रवार

बाजारात दोघं माझ्याकडे बघून बोलायचे थांबले. सुताराने मूर्ती बदलली, असं गावभर झालंय. वीस वर्षं चर्चच्या ज्या किल्ल्या माझ्या खिशात असत, त्या आज समितीने मागून नेल्या.

१८ जानेवारी, शनिवार

फादर शेडमध्ये आले. बरोबर इनास. बोलले मात्र फादरच, जमिनीकडे बघत. वेदीवरून सांगायचं समितीला नको आहे; त्यापेक्षा परवाच्या फेस्ताआधी मूर्तीच्या पाठीला आणखी दोन भोकं पाडून द्यायची. अकरा झाली की माझं उत्तर बरोबर, सहाही गट मोजण्यात चुकले. माझ्यावरचा आळ जाईल, लोकांची श्रद्धा राहील.

नाही म्हटलं. त्या दोन भोकांचे दोन लाख देत होते.