शिंपीकाका हयात आहेत

३ मार्च

चि. भाचीस, आणि ‘आपली तक्रार विहित नमुन्यात नाही’ एवढंच उत्तर ज्यांच्या वाट्याला आलं त्या तमाम ग्राहकांस, मावशीचे अ. आ.

माझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना कर्जकंपनीने मारलं. कागदावर. वारले त्यांचे थोरले भाऊ. कंपनीने नोंद केली काकांच्या नावावर. इकडे शाळेच्या गणवेशांचं काम चालून आलंय, त्यासाठी नवं मशीन हप्त्याने घ्यायचंय, आणि दुकानदार संगणकात बघून सांगतो की हे गृहस्थ हयात नाहीत. महिनाअखेर मशीन आलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. काका स्वतः कंपनीत जाऊन उभे राहिले. तिथल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वारसांना पाठवा म्हणून सांगितलं.

मी काकांच्या वतीने सरकारी तक्रार कक्षाला लिहिलं. कक्षाने उलट विचारलं, तक्रार नक्की काय आहे? मजकुराला पाचशे अक्षरांची मर्यादा, पुढचं आपोआप गळतं म्हणे. पाचशे अक्षरं संपली तेव्हा माझा ग्राहकांच्या पिळवणुकीचा इतिहासच चालला होता; काका अजून यायचेच होते.

त्यात आता नवे नियम येऊ घातलेत. आधी कंपनीकडे तक्रार करा, साठ दिवस थांबा, मगच कक्षाचं दार. तेही तक्रारदाराने स्वतः, कंपनीकडे नोंदलेल्या फोनवरूनच. मेलेल्या माणसाचा फोन कंपनी नोंदीत ठेवते का? डोकं नुसतं तापलंय. काय करू ते कळव.

लोभ आहेच, तो उलट टपाली दिसू दे.

मावशी

७ मार्च

ति. मावशीस, सा. न.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिच्या वाढदिवसाला तू दोन शब्द बोलायला उठलीस आणि सगळ्यांचा चहा निवला, हे तिला लगेच आठवलं.

मी दिवसभर छापखान्यात लोकांच्या जाहिराती चौकटीत बसवते, म्हणून तुझ्या मजकुरालाही कात्री लावली. रागावू नकोस. एवढंच लिही: ‘शिंपीकाका हयात आहेत. वारले ते त्यांचे थोरले भाऊ. कंपनीने ती नोंद काकांच्या नावावर केली आहे, ती दुरुस्त करावी. भावाचा मृत्यूचा दाखला आणि काकांचं ओळखपत्र जोडलं आहे.’ उरलेल्या अक्षरांत भाषण घालू नकोस. नवे नियम अजून मसुदाच आहेत, तोवर तुला काकांच्या वतीने लिहिता येतं. पत्र मिळताच पाठव.

तुझ्या मायेची (आणि रागाचीही) हक्कदार,
भाची

२४ मार्च

चि. भाचीस, अ. आ.

काका जिवंत झाले. कक्षाने तक्रार कंपनीकडे धाडली आणि बाराव्या दिवशी दिलगिरीचं पत्र आलं. काल मशीनही आलं. काकांनी पहिली शिवण माझ्या पिशवीच्या तुटलेल्या बंदावर घातली. म्हणाले, मेल्यावर लोक इतकी विचारपूस करतात हे ठाऊक असतं तर आधीच मेलो असतो.

पण नवा नियम लागू असता तर साठ दिवसांत मे उजाडला असता, गणवेश दुसऱ्याने शिवले असते आणि मला काकांसाठी एक ओळ लिहिता आली नसती. मसुद्यावर तीस तारखेपर्यंत हरकती घेतात. म्हणून मी काल गल्लीतल्या बाकावर उभी राहून बोलले. चारच मिनिटं, काका घड्याळ धरून समोर उभे होते. एकोणीस जणांनी तिथेच हरकती लिहिल्या.

तुमच्या घरातून एकही आलेली नाही. आईला विचार, तिच्या माहितीत साठ दिवस न परवडणारं कोण आहे. त्या एका माणसाची गोष्ट लिही. माझ्यावर माया असू दे, पण खाली सही करून ती हरकत उद्याच्या टपालात टाक.

मावशी