या जेवायला

३ नोव्हेंबर, धारूर
अखेर घर मिळालं! इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली आणि सासरच्या गोतावळ्यातून सुटका. नवरा साजिद बीडच्या गॅरेजवर, रविवारी येईल. एरवी मी आणि माझी लेक अदिबा. घरमालक शिवलिंगप्पा कापडदुकान विकून बायकोसह कॅनडाला, मुलाकडे गेलेत. भांडीकुंडी सगळी तशीच आहेत. अट एकच, घरात मटण शिजवायचं नाही. माझ्यासारखीला ही सजाच, पण अंगणातला पेरू बघून हो म्हणून टाकलं.

९ नोव्हेंबर
घरमालकीण शिवगंगाकाकूंचा रोज संध्याकाळी कॅनडाहून व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. अंगण दाखव, ओटा दाखव, पेरूला पाणी घातलं का. मुलगा संगमेश आणि सून कामावर जातात, नातवंडांना यांचं बोलणं कळत नाही. आप्पा मोबाइलवर गावच्या बातम्या बघत बसतात आणि काकू खिडकीच्या काचेशी खुर्चीत.
"एवढं मोठं घर हाय, पन हाक मारायला मानूस न्हाई," म्हणाल्या. मला भरून आलं. आम्ही जेवत होतो, म्हणून रीतीप्रमाणे म्हटलं, या जेवायला. त्याही रीतीप्रमाणे म्हणाल्या, होऊ द्या.

२१ नोव्हेंबर
आता हे रोजचंच झालंय. माझं या जेवायला, त्यांचं होऊ द्या. बोलवणाऱ्याने बोलवायचं, दुसऱ्याने यायचं नाही, एवढं पोरासोरांनाही ठाऊक असतं. आज मात्र काकू खुर्ची फोनजवळ ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "येते."
मी हसले. त्या हसल्या नाहीत.

२४ नोव्हेंबर
शाळा सुटली की अदिबा शेजारच्या बायनाबाईंकडे थांबते. आज घरी आली तर तेल चोपडून वेण्या घट्ट वर बांधलेल्या. बायनाबाई म्हणतात, मी न्हाई घातल्या. अदिबा म्हणते, आजीने घातल्या, आपल्या घरात.
घराला तर कुलूप होतं. ओट्यावरचे डबे मी लावलेल्या जागी नाहीत.

२९ नोव्हेंबर
आप्पांचा फोन. काकू खुर्चीत बसून असतात, पण हाक मारली तर बघत नाहीत. म्हणाले, "अंग इथं हाय, पोरी. ती न्हाई. तिकडं आलीय का?"
मी फोन ठेवला. आत अदिबा कुणाशी तरी बोलत होती.

१ डिसेंबर
माहेरी कड्याला, अम्मीकडे जायचं, ठरलं. बॅग भरली. अदिबा दाराची चौकट धरून रडते, आजीला सोडून येणार नाही म्हणते. मला फार भीती वाटतेय. भर उन्हात हात गार पडलेत. दवाखान्यातले म्हणाले, सिस्टर, हाक मारली तर बघत का नाही—

२ डिसेंबर
रिक्षा आली. उंबरा ओलांडवत नाही. पाय कुणाचे आहेत— अदिबाला धरून ठेवलंय, सोडणार नाही, काही झालं तरी—

तारीख माहीत नाही
काच. बाहेर सगळं पांढरं. हात सुरकुतलेले, अक्षर माझंच. मागून आप्पा म्हणतात, गंगा, शाल घे. मी गंगा नाही. मी फरजाना, फर—
फोन लागला. माझं स्वयंपाकघर. माझा ड्रेस, माझं तोंड. अदिबा तिच्या हातून घास खातेय. मी ओरडले, बेटा, मी इथं आहे. अदिबाने माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.
"अम्मी, ये बुढ्ढी कौन है?"
तिने घास भरवून हात पुसला आणि फोन बंद करायला बोट—