सूनबाईच्या फायनलचं रेकॉर्डिंग

बाळ्या,

तुझ्या बायकोची फुटबॉलची फायनल आज टीव्हीवर आहे. मी मैदानावर चालले, रेकॉर्डिंग तुझ्या गळ्यात. कॉम्प्युटरच्या टीव्ही कार्डावर चित्रात मुंग्या येत होत्या, कारण मागची केबल सैल होती. कागदाची घडी खुपसून मी ती बसवलीय, तिथे शहाणपणा नको. सेमीफायनलला तू घोरलास, तुझ्यामागे कॉम्प्युटरही झोपला आणि सामना अर्धाच उतरला. पोर त्या रात्री जेवली नाही. आज माउस हलवत बस.

मी येतेय हे तिला ठाऊक नाही. सासू दिसली तर गोल राखायचा सोडून पदर शोधेल, म्हणून मागेच बसेन. पण तिने गोल अडवला तर माझा भरवसा नाही. टीव्हीत कुणी म्हातारी बाकावर चढून शिट्ट्या मारताना दिसली, तर तेवढं पुसू नकोस.

आई