अर्नाळ्याच्या वाळूवर चार रेघा

अप्पा,

नातू गाडी घेतोय. म्हणजे तुमचा पणतू. चार दिवस झाले, मोबाईलवर कुणी एक माणूस नव्या गाडीत बसून बडबडतो आणि हा आ वासून ऐकतो. गाडी महागाची, ना फार मोठी ना फार लहान, आत कातड्याच्या गाद्या. मीही ऐकलं थोडं. त्या माणसानं इंजिनाचं कौतुक केलं, आरशांचं केलं, आत गाणी कशी वाजतात त्याचं तर विचारूच नका, पण मेला एकदाही मागच्या सीटवर जाऊन बसला नाही. मी म्हटलं, "ह्याला माझ्या अप्पांनी शेडच्या बाहेर काढला असता." नातू हसला. म्हणाला, "आजी, तुझे अप्पा काय गाड्यांची परीक्षा घ्यायचे?" आता ह्याला कुठून सुरुवात करून सांगू! म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्हाला निदान सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. पण वय झालंय, सांगितल्याशिवाय राहवतही नाही, तेव्हा ऐका.

तुम्ही मुंबईला एका शेटकडे ड्रायव्हर होतात, मग गॅरेजात, आणि लढाई संपल्यावर आगाशीला परत आलात. बाजाराच्या टोकाला पत्र्याची शेड टाकलीत. पोट चालायचं ते बागायतदारांच्या पाण्याच्या इंजिनांवर, पण नाव झालं ते वेगळ्याच कामानं. केळी आणि वाळवलेली सुकेळी ह्यांच्या धंद्यात ज्याला बरे दिवस यायचे, त्याला मुंबईच्या कुणा साहेबानं वापरलेली विलायती गाडी हवी व्हायची, आणि घ्यायच्या आधी ती मिस्तरींना, म्हणजे तुम्हाला, दाखवायची अशी रीतच पडली. नंदाखालहून लोक यायचे, गासहून यायचे. तुम्ही आधी रेडिएटरला हात लावायचात. गरम लागला की म्हणायचात, "पावडर लावून आणलीय, गार होऊ द्या, मग सुरू करून बघू." मग बॉनेट न उघडता दार उघडून आत नुसता वास घ्यायचात. पावसात बुडालेली गाडी कितीही पुसली तरी पायाखालच्या चटईला वास राहतो, म्हणायचात. दार आपटायचं नाही, लोटायचं आणि कान द्यायचा. आणि घेणाऱ्याच्या घरची सगळ्यांत जाड, सगळ्यांत म्हातारी बाई बोलवायला लावायचात. ती लुगडं सावरत मागच्या सीटवर चढते कशी, उतरताना डोकं आपटतं का, हे पाहायचं. "चालवणारा काय, फळीवरही बसेल," असं तुमचं म्हणणं. "गाडी मागं बसणाऱ्यासाठी असते."

पण खरी परीक्षा अर्नाळ्याला. ओहोटीला वाळू ओली आणि टणक होते, तेव्हा गाडी तिथं न्यायची आणि नाकासमोर सरळ चालवायची. मग उतरून चाकांच्या रेघा पाहायच्या. धड गाडी असेल तर पुढच्या चाकांच्या रेघेवरूनच मागची चाकं जातात, वाळूवर रेघा दोनच उमटतात. कुठं आदळून सांगाडा वाकला असेल, तर वरून कितीही रंग काढा, मागची चाकं बाजूला सरकून चालतात, खेकड्यासारखी, आणि रेघा पडतात चार. तिथं तुम्ही घेणाऱ्याला नेत नव्हता. त्याच्या डोळ्यांत आधीच गाडी भरलेली असते, त्याला दोनच दिसणार, म्हणायचात. न्यायचात मला. सरळ चालवायला समोर खूण हवी, म्हणून मी लांबवर छत्री घेऊन उभी राहायची आणि तुम्ही माझ्या रोखानं गाडी आणायचात. कितीतरी गाड्या माझ्या अंगावर आल्या असतील! परत आल्यावर चाकं, खालची बाजू, सगळं विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवायचं, हेही माझंच काम.

मग एका वर्षी माझं लग्न ठरलं. सुकेळीच्या व्यापाऱ्याचं घर, आगाशीतलंच. मला पाहायला आले तेव्हा मुलाच्या आत्यानं मला चालून दाखवायला सांगितलं होतं, आठवतं? मी ओटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि तुम्ही मान खाली घालून सुपारी कातरत बसलात. मला मुलगा आवडला होता. सांगायचं कुणाला, पण आवडला होता. दारातून निघताना त्यानं वळून पाहिलं आणि चप्पल पायात घालायची सोडून एक पाय तसाच उचलून उभा राहिला, वेंधळा. आणि महिनाभरात त्यानंच मुंबईहून गाडी पसंत करून आणली, वरातीसाठी. चार दारांची, सायीच्या रंगाची, आत लाल कातडी गाद्या. दलालानं आठ दिवस पाहायला ठेवली होती. सासऱ्यांनी तर तोवर तिला नारळही फोडला, हार घातला, अर्ध्या आगाशीला देवळापर्यंत फिरवून आणलं. मग रीत म्हणून तुमच्याकडे पाठवली. "व्याही, आपलीच गाडी आहे, एकदा हात फिरवा," असा निरोप.

तुम्ही हात फिरवायचं काम कधी केलं नाहीत. वास घेतलात, दारं लोटलीत, आत्याबाईंना चढवलंत-उतरवलंत. आत्याबाई म्हणाल्या, "जावई गुणाचा हो, गादी बघा कशी आहे!" सगळं उत्तम. आणि सकाळच्या ओहोटीला आपण दोघं अर्नाळ्याला गेलो.

मी छत्री घेऊन उभी आहे. तुम्ही आलात, माझ्या बाजूनं पुढं गेलात, लांब किल्ल्याच्या अंगाला वळायला. मी खाली पाहिलं. अप्पा, त्या रेघा मला तुमच्या आधी दिसल्या. चार. अगदी स्पष्ट, लहान मुलानंही मोजल्या असत्या. गाडीला नाव ठेवलंत म्हणजे त्या मुलाच्या पारखीला नाव, सासऱ्यांच्या फोडलेल्या नारळाला नाव. माणूस तापट, सगळ्या गावाला ठाऊक. लग्न मोडणार, दुसरं काय! मी छत्री मिटली आणि अनवाणी पायानं रेघांवरून पाय फिरवत सुटले. दहा पावलं, वीस पावलं. मासळी वाळत घालणारी एक कोळीण कमरेवर हात ठेवून पाहत होती. "काय गो पोरी, शिवल्या शोधतंस?" मी म्हटलं, "हो, शिंपल्याच." "चाकाच्या खाली कुठं मिलतील त्या!" म्हणाली आणि हसली.

तुम्ही गाडी थांबवून चालत आलात. रेघा जिथं संपत होत्या तिथं उभे राहिलात. वाळूकडे पाहिलंत, मग माझ्या पायांकडे. पोटऱ्यांपर्यंत वाळू. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. कोळणीनं ओरडून सांगितलं, "मिस्तरी, पानी चढाय लागलं, गाडी काडा, ती बोट न्हाय!" तुम्ही तिला हात केलात आणि मला म्हणालात, "एक फेरी होईल अजून. तू पुढं बस." मला शेजारी बसवलंत. समोर माडाचं एक झाड धरून सरळ नेलीत, उतरवलंत, आणि म्हणालात, "मोज." आवाज रोजचाच, पाणी मागावं तसा. मी खाली पाहत उभी राहिले. तुम्ही घाई केली नाहीत. शेवटी मी म्हटलं, "चार." "बरं," म्हणालात, "चल, भरती यायच्या आत निघू."

मग जे व्हायचं ते झालं. सासरे शेडमध्ये उभे राहून ओरडले, "नाव गाडीला ठेवलंत की माझ्या पोराला?" तुम्ही हात पुसत म्हणालात, "गाडीला. पोरात खोट असती तर लेक दिली नसती." "मग ठेवा लेक तुमच्याच शेडमध्ये!" म्हणून ते गेले. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "एकदा गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?" तुम्ही म्हणालात, "बिघडलंच असतं. कुठल्या तरी वळणावर, आणि आत ही असती." मी तुमच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, तोंडातून अक्षर नाही. तुम्हीही समजूत काढली नाहीत, नुसते दोन घास कमी जेवायचात. मला ते दिसायचं आणि राग आणखीच यायचा.

चौथ्या दिवशी दुपारी तो मुलगा सायकलवरून आला. पाटलोण गुडघ्यापर्यंत ओली. ओटीवर न चढता अंगणातूनच म्हणाला, "मी नेली होती गाडी अर्नाळ्याला. चारच पडतात." आणि मग तुम्ही जे बोललात ते मी दाराआडून ऐकलं. म्हणालात, "मी तुम्हाला काय सांगणार? मोजल्या लेकीनं. चार म्हणाली ती हीच." सगळं खरं. एक अक्षर खोटं नाही. आणि दाराकडे पाहिलंतसुद्धा नाही. तो मुलगा म्हणाला, "स्वतःच्या लग्नावर पाणी पडत असताना?" तुम्ही म्हणालात, "चहा घेणार का?"

त्यानं घरी जाऊन बापाला सांगितलं की करीन तर हीच मुलगी करीन. बाप दोन दिवस धुमसला, मग निरोप आला: तारीख तीच, आणि दुसरी गाडी पाहायला मिस्तरींनीच मुंबईला यायचं. लग्नापर्यंत गाडी काही मिळाली नाही. वरात केळीच्या ट्रकमधून निघाली, पुढं मी आणि हे, मागं आत्याबाई खुर्चीवर, दोन्ही हातांनी फाळका धरून, आणि सगळ्या बाजारभर हसणं. तुम्ही निघायच्या आधी ट्रकचे ब्रेक तपासलेत ते मी पाहिलं. मी तेव्हाच तुमच्याशी पुन्हा बोलले, "अप्पा, पुरे आता," एवढंच. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

संसार सुखाचा झाला, अप्पा. खोटं कशाला बोलू. पुढं गाड्या आल्या, दोन मुलं आली, घर वाढलं. ह्यांनी आयुष्यभर कौतुक केलं माझं. कुणीही आलं की सुरू, "ही कशी आहे माहीत आहे का? लग्न मोडायची वेळ, तरी चारच म्हणाली!" व्यापारात दोन हिशेब जुळेनात की ते माझ्यासमोर ठेवायचे, कारण ही खोटं चालू देणार नाही. लोक माझ्याकडे पाहायचे आणि मी पदर सारखा करायची. सांगेन, सांगेन म्हणता साठ वर्षं गेली. रेघांवरून फिरवलेल्या पायांची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

आता दोन वर्षं झाली, तेही तुमच्याकडे आले आहेत. गाड्यांच्या गप्पा तर रोजच होत असतील तुमच्या. एवढंच मागते, अप्पा, त्यांना तेवढं सांगू नका.