वारा नसलेली संध्याकाळ

बाबा, काल तुमच्या त्या पंखवाल्या मुंग्यांनी माझ्या वरणात सामुदायिक जलसमाधी घेतली. माणसाने साधा वरणभातही सुखाने खाऊ नये हा अन्याय आहे, आणि त्याची दाद बदलापुरात कुठल्या खिडकीवर मागायची हे तुम्ही सांगून गेला नाहीत. तुम्ही असताना बेलवलीच्या घरात चोख बंदोबस्त असे. पावसाने उघडीप दिली, संध्याकाळी वारा पडला, की घरातले सगळे दिवे घालवायचे, दारं-खिडक्या लावायच्या आणि मागच्या अंगणात एकच बल्ब लावून खाली पाण्याची परात. आम्हा दोघा भावंडांना अंधारात बसवून तुमचं व्याख्यान सुरू व्हायचं, अंबरनाथच्या कारखान्यातल्या साहेबी आवाजात. "ही त्यांच्या लग्नाची वरात. वारा असला तर एक मुंगी उडायची नाही. नर आजच मरणार. राणी खाली उतरली की स्वतःचे पंख स्वतःच तोडते. मग परत उडणं नाही." आई म्हणायची, "लग्न त्यांचं, पंख झाडायचे मी!"

पुढे धाकटीने उल्हासनगरच्या सिंधी मुलाशी लग्न केलं आणि तुम्ही तिचं नाव टाकलंत. त्यानंतरची अशीच एक संध्याकाळ. आपण तिघं अंधारात बसलोय. पुढचं फाटक कुरकुरतं. आई उठते. तुम्हीही अर्धे उठता, आणि पुन्हा बसता. "वारा असेल," म्हणता. आईही बसते. मागे परातीत मुंग्या पडतच आहेत. थोड्या वेळाने फाटक पुन्हा वाजतं. सकाळी पायरीवर पेढ्यांचा पुडा होता, नातू झाल्याचा. त्याला मुंग्या लागल्या होत्या, बिनपंखांच्या. तुम्ही होतात तोवर ती परत आली नाही.

काल ती माझ्याकडे जेवायला होती. ताटातले पंख वेचता वेचता म्हणाली, "दादा, खरं सांग हं. सगळं घर अंधारात, दार लावलेलं. बाबांना फाटक ऐकू आलं होतं ना?"

शाळा बुडवून विठ्ठलवाडीला भटकताना मी पकडला गेलो, तेव्हा हेडमास्तरांसमोर तुम्ही शांतपणे म्हणाला होतात, "ताप होता त्याला." तुमची ती एक थाप इतकी वर्षं माझ्याकडे उधार होती.

"ऐकू आलं गं," मी म्हटलं, "पण त्यांना वाटलं, वारा आहे."

तिने माझ्या वाटीतला एक पंख तेवढा बोटाने काढून टाकला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक कबूल करतो. थाप काही जमली नाही, बाबा. तुमचं व्याख्यान अंधारात माझ्या शेजारी बसून तीही ऐकायची.