रपट्याजवळचं उजवं वळण

मु. बोरटोला, ता. कुरखेडा
१२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रफुलदादा,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तिकडे बल्लारपूरला तू, वहिनी आणि पोरं मजेत असाल. धान घरात आलं, तणस रचून झालं. थंडी चांगलीच पडली आहे.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. गावोगाव टपाल वाटणाऱ्या बाईने स्वतःचं म्हणणं टपालाने पाठवलं तर बिघडलं कुठे? पत्र वाचताना तुला मधे तोंड घालता येत नाही.

गाडी पडली आणि आईच्या हाताला थोडं लागलं, हे तुला शेजारच्या लोकेशने कळवलंच. तू लगेच हुकूम सोडलास. तीनचाकी स्कूटर विक, राजीनामा दे, आईला घेऊन इकडे ये. रविवारी गिऱ्हाईक सोबत घेऊनच येतो म्हणालास. त्याआधी काय झालं ते माझ्याकडून ऐक.

कुरखेड्याच्या बाजारातून परत येत होतो. आई मागे, बायका बसतात तशी, दोन्ही पाय डावीकडे सोडून. मांडीवर वांगी-टमाटरची पिशवी. नाल्यावरच्या रपट्याजवळचं ते उजवं वळण तुला माहीत आहे. मी वेगातच शिरले आणि आत गेल्यावर घाबरून ब्रेक दाबला. मागचं उजवं चाक उचललं गेलं आणि गाडी डावीकडे, आईच्याच बाजूला, धानाच्या बांधीत आडवी झाली. मला खरचटलं.

आईला थोडं लागलं नाही, दादा. मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर आहे. "त्याले सांगू नोको," असं ती म्हणाली होती, पण हे लपवून पुढचं तुला कोणत्या तोंडाने सांगू? दवाखान्यातून आल्यावर मीच ठरवलं होतं, गाडी विकायची. ते सांगायलाच तुला फोन लावला होता. तू उचलला नाहीस.

मग आईनेच विषय काढला. मी पायरीवर रडत बसले होते. ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन गाडीकडे बघत होती.

"बैलबंडी एका अंगाले कलली का आपन कुठी सरकतो?"

"वरच्या अंगाले."

"मंग? मी पडाच्या बाजूनंच पाय सोडून बसलो होतो. उलटनच ना. बैल असो का इंजिन, वजन तं वजनच आहे."

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानावर आमची शाळा भरली. आधी मी एकटीच गोल गोल फिरले. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. ही गाडी दोनचाकीसारखी कलत नाही, म्हणून हँडल हातानेच वळवायचं आणि आपण आतल्या बाजूला झुकायचं. खड्डा नुसत्या पुढच्या चाकाने चुकवून भागत नाही, मागच्या दोन चाकांचाही विचार करावा लागतो. हे सगळं मला कुठे माहीत होतं? मेकॅनिकने मागे दोन चाकं बसवून पायाचा ब्रेक हातावर आणून दिला, गाडी सुरू झाली, मी निघाले, एवढंच.

मग आईला म्हटलं, आता तू दोन्हीकडे पाय टाकून बस.

"लुगडं आवरून गडीमानसावानी बसू? या वयात? लोकं हासतीन ना."

"हासू दे. पडलो तेव्हा उचलाले कोन आलं होतं?"

बसली. चांगला हात माझ्या कमरेला. मी "उजवं" म्हटलं की उजवीकडे झुकते, "डावं" म्हटलं की डावीकडे. प्लास्टर दाखवायला तिला मीच घेऊन गेले, त्याच रस्त्याने. रपट्यापाशी मी बोलायच्या आधीच ती झुकली होती. हो, आम्ही पुन्हा बसलो गाडीवर. आता ओरडून घे.

आणि तुझी भीती मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात तू अंगणात चालवून पाहिलीस. मोटरसायकलवर असल्यासारखा नुसता तिरका झालास, हँडल वळवलंच नाहीस आणि गेलास सरळ तणसाच्या ढिगात. वर घाबरून पाय खाली टेकवलास, मागचं चाक त्यावरून गेलं. नख काळं झालं आणि बदनाम गाडी झाली. वहिनीला तू दगड लागला म्हणून सांगितलंस. मी आजवर गप्प आहे.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. हा उजवा पाय असा अधू, म्हणून तू मला पाठीवर घेऊन शाळेत नेलंस. नाल्याच्या पाण्यात तुला दम लागायचा, तरी कधी खाली ठेवलं नाहीस. ते उपकार नव्हते, माया होती, मला कळतं. पण दादा, तुझ्या पाठीवरून मला फक्त तुझं डोकं दिसायचं. या गाडीवर मला रस्ता दिसतो. ही गेली की टपालाची नोकरी जाईल आणि मी पुन्हा कोणाच्या तरी पाठीवर. तुझ्याही पाठीवर मला यायचं नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खोटं लिहीत नाही.

रविवारी गिऱ्हाईक आणू नकोस, एकटा ये. वडसा स्टेशनवर मी घ्यायला येते. माझ्या मागे बस. रपट्यापाशी मी "उजवं" म्हणेन, तेव्हा उजवीकडे झुक. घरी पोचल्यावर तू विक म्हणालास तर ऐकून घेईन. विकणार नाही.

आईचा निरोप आहे: "त्याले लिही, बहिनीच्या मांगं बसाले लाजू नोको."

तुझ्या पाठीवर बसून मोठी झालेली,
नंदिनी

ता. क. बूट घालून ये. आणि वळणात कितीही भीती वाटली तरी पाय खाली टेकवू नकोस. मी चालवतेय.