कप्तान मैदानात शिरला तेव्हा

७ मार्च

चि. ढेप्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागे तुझ्या औषधांच्या दुकानातलं गिऱ्हाईक खोकत असतं, म्हणून सरळ पत्रच लिहिते. आई बरी आहे. तिला ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं.

तर झालं असं. परवा आईने हट्टच धरला, की आपल्या मैदानावर झालेल्या त्या दोन देशांच्या अंतिम सामन्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखव. मी ऑनलाइन ज्ञानकोशातला लेख काढला. संघ, पंच, गोल, करंडक, सगळं होतं त्यात. आई शेवटपर्यंत कान देऊन बसली आणि मग विचारलं, की आपला कप्तान मैदानात घुसला आणि यांनी, म्हणजे आपल्या बाबांनी, त्याला उचलून बाहेर नेलं, ते कधी येणार? मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. तशी ती म्हणाली, की मग तसं झालंच नसेल, आपणच तुम्हा मुलांना रंगवून सांगत आलो असू.

ढेप्या, बाबांनी जन्मभर त्या मैदानाची हिरवळ राखली. माळ्याकडे कोण बघतं? जगाने त्यांना पाहिलं ते तेवढं एकदाच, तेही आपल्या कप्तान कुत्र्यामुळे. आणि आता आईच म्हणते, झालं नसेल.

मग मीच कंबर कसली. चष्मा लावून, एका बोटाने टाइप करून, ते वाक्य लेखात घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर गायब! कोणी 'गोळीवाला' नावाच्या माणसाने पुसून टाकलंय, वर शेरा मारलाय, की संदर्भ नाही. तू रोज त्या ज्ञानकोशात डोकं खुपसून बसतोस, तेव्हा तो मेला कोण ते शोध आणि त्याची चांगली खरडपट्टी काढ.

वहिनीला विचारल्याचं सांग. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तो मेला मीच.

आता पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. वाक्य तू लिहिलंस हे मला ठाऊक असतं तर आधी फोन केला असता. पण पुसलं मात्र असतंच. दुकानाचं शटर ओढलं, की गेलं वर्षभर मी याच लेखामागे लागलोय. त्याला 'उत्तम लेख' ठरवून घ्यायचंय. त्यासाठी वाक्यावाक्याला छापील पुरावा दाखवावा लागतो. मी तिथे होतो, हा पुरावा चालत नाही. त्यातून आपल्या घरच्या माणसाबद्दल आपणच लिहायचं नाही, असाही तिथला दंडक आहे. तेव्हा पुरावा मिळाला तरी ते वाक्य ना तुला लिहिता येईल ना मला.

मला काय आठवत नाही असं वाटतं का तुला? आपण दोघं रोलरच्या शेडपाशी उपड्या बादल्यांवर बसलो होतो. कप्तानने दोरी कुरतडली आणि सुटला तो थेट चेंडूवर. सगळं मैदान हसत होतं आणि मी रडत होतो, कारण मला वाटलं आता पंच बाबांनाही बाहेर काढणार. जुनी वर्तमानपत्रं मी धुंडाळली. सगळ्यांनी गोल लिहिलाय, कुत्रा कोणीच लिहिलेला नाही.

आईला सांग, मी शोधतोय. राग ओसरला, की दोन ओळी टाक.

तुझा ढेप्या

२२ मार्च

चि. ढेप्यास आशीर्वाद, जरा हात आखडूनच.

शाबास! बापाला पुसायला पोटचा पोरगाच निघाला. तुझ्या दंडकांना दंडवत. उद्या आपण त्यांची मुलं आहोत याचाही छापील पुरावा मागशील.

आईला मी तू शोधतोयस एवढंच सांगितलं. पुसलं कोणी ते सांगितलं नाही, तेवढी माया शिल्लक आहे. पण ती आता बाबांचा विषयच काढत नाही. कोणी त्या सामन्याचं बोललं, की हसते आणि म्हणते, की जाऊ द्या, म्हातारपणी असे भास होतात. काल मी घर झाडत होते, तर दारातल्या पायपुसण्याचा दुमडलेला कोपरा दिसला आणि मला एकदम बाबाच आठवले. येता-जाता टाचेने दोनदा दाबून तो कोपरा बसवायचे. दुमडलेला नसला तरी दाबायचे! आई चिडायची, की घराचंही मैदान करून ठेवलंय. त्यांच्या मागून आपण दोघं तसंच दाबत चालायचो आणि ती आपल्या तिघांनाही ओरडायची. काल मीही दाबला. आईने पाहिलं, पण ओरडली नाही. मला तेच लागलं.

तेव्हा तुझं ते उत्तम-बित्तम राहू दे बाजूला. काहीतरी कर. आई आता थकत चाललीय.

लोभ आहे, पण या पत्रापुरता थोडा कमी.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सापडलं! काउंटरवर उभ्यानेच लिहितोय, अक्षर गोड मानून घे.

मी त्या लेखाच्या चर्चापानावर सगळं खरंखरं मांडलं. माळी माझे वडील होते, कुत्रा आमचा होता, म्हणून मी स्वतः लिहिणार नाही, कोणाकडे पुरावा असला तर बघा. आधी हरलेल्या संघाचे लोक तावातावाने आले. त्यांच्याकडे म्हणे आजही समजूत आहे, की त्या कुत्र्याने आमची लय मोडली म्हणून आम्ही हरलो. म्हणजे बघ, आपण पुरावा शोधत फिरतोय आणि तिकडे अख्खा देश कप्तानवर खार खाऊन बसलाय! पण छापील काही त्यांच्याकडेही नव्हतं.

मग त्यांच्यातल्याच एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी त्यांच्या गोलरक्षकाचं आत्मचरित्र आणून त्यातलं पान दाखवलं. त्याने लिहिलंय, की एक कुत्रं मैदानात शिरलं आणि खेळ थांबला. हिरवळ राखणारा माणूस धावत आला, त्याने कुत्र्याला काखोटीला मारलं आणि सगळे ओरडत असताना जाता जाता माझ्या गोलपुढे थांबला. तिथे बुटांनी उखडलेलं हिरवळीचं एक ढेकूळ होतं, ते त्याने टाचेने दाबून बसवलं आणि मगच गेला. त्या दिवशी माझी काळजी घेतलेला तो एकटाच माणूस, असंही तो म्हणतो.

ताई, मी दुकानात गिऱ्हाइकासमोर रडलो. त्या गृहस्थाने घाबरून सुटे पैसेही मागितले नाहीत.

वाक्य त्या बाईंनीच लिहिलं. पुस्तकात नाही म्हणून बाबांचं नाव त्यात नाही, मी हट्टही केला नाही. लेख अजून उत्तम ठरलेला नाही आणि खरं सांगू, आता घाईही नाही. आईला तूच वाचून दाखव.

तुझा ढेप्या

२७ एप्रिल

चि. ढेप्यास, हात न आखडता अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. अगदी कानाशी बसून, मोठ्याने. ढेकळाचं वाक्य आलं तशी आईने मला थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग म्हणाली, की हे तेच. नाव नसलं म्हणून काय झालं, दुसरं कोण करणार हे? डोळे पुसले आणि लगेच बाबांवर चिडली, की एवढी माणसं बघत होती, तेव्हा तरी पाय जागेवर ठेवायचा होता. असं चिडलेलं तिला किती दिवसांनी पाहिलं! मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

त्या ग्रंथपाल बाईंना आमचा दोघींचा नमस्कार कळव.

आणि आईने एक चूक काढलीय. लेखात नुसतं टाचेने दाबलं असं आहे. ती म्हणते, दोनदा दाबलं असणार. तुला ते लिहिता यायचं नाही, ठाऊक आहे मला. पण संदर्भ विचारशील, तर आई अजून आहे. लवकर येऊन भेटून जा.

लोभ पहिल्यासारखाच, वर मागचा राहिलेलाही.

तुझी ताई